पारितोषिकानंतरची पन्नास वर्षे : व्हायोलिनवादक क्युंग-ह्वा चुंग

शाळेचा निकाल लागला म्हणजे पहिल्या आलेल्या मुलाच्या घरी पेढे वाटले जातात. त्याचे नाव फळ्यावर लिहिले जाते, आप्तेष्ट कौतुक करतात, आणि चार दिवसांनी सारे पुन्हा आपापल्या कामाला लागतात. पुढे वीस वर्षांनी त्या मुलाचे काय झाले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. कलेच्या क्षेत्रातही असेच घडते. स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले की वर्तमानपत्रांत छायाचित्र येते. त्यानंतर त्या कलावंताला काय काय करावे लागले, काय सोसावे लागले, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. म्हणून कोरियातील सुविख्यात व्हायोलिनवादक क्युंग-ह्वा चुंग यांच्या जीवनक्रमाकडे पारितोषिकापुरते न पाहता त्याच्या मागे-पुढे पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम नावाविषयी एक खुलासा करावयास हवा. कोरियात आडनाव आधी लिहिण्याची रीत आहे. त्या रीतीने या बाईंचे नाव चुंग क्युंग-ह्वा असे होते. पाश्चात्त्य देशांत ते उलट क्रमाने रूढ झाले. 'ह्वा' या अक्षराला त्यांच्या नावात मेळ, सुसंवाद असा अर्थ आहे. थोरली बहीण म्युंग-ह्वा हिच्याही नावात तेच अक्षर आहे. पुढे या घराने संगीतात जे नाव मिळविले, ते ध्यानी घेतले म्हणजे हे अक्षर शोभून दिसते.

व्हायोलिन हे वाद्य आपल्याकडे अपरिचित नाही. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत असत, आणि तेथे शिकलेले कितीतरी वादक पुढे मुंबईच्या वाद्यवृंदांत व चित्रपटसृष्टीत नावारूपास आले. दक्षिणेत हेच वाद्य मांडी घालून, त्याचे टोक पावलावर टेकवून वाजविले जाते, आणि कर्नाटक संगीताच्या मैफलीत ते आता इतके मुरले आहे की ते परदेशातून आले, याची आठवणही राहत नाही. कोरियातही गजाने वाजविण्याचे एक जुने वाद्य आहे. त्याला हेगुम म्हणतात. त्याला दोनच तारा असतात, आणि गजाचे केस त्या दोन तारांच्या मधून जातात. वादक ते मांडीवर उभे धरतो. परंतु युरोपीय व्हायोलिन आणि युरोपीय स्वरमेळ कोरियात रुजला तो बराच अलीकडे. १८८५ पासून तेथे आलेल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी प्रार्थनागीते शिकविली. १९०१ मध्ये फ्रान्झ एकर्ट या जर्मन बँडमास्तराला सोल येथे बोलावून राजदरबारासाठी पाश्चात्त्य धर्तीचा बँड उभारण्यात आला. पुढे १९१० ते १९४५ पर्यंत देश जपानच्या अमलाखाली होता. या साऱ्या उलथापालथीतून पाश्चात्त्य संगीताची गोडी कोरियातील सुशिक्षित घरांत पसरली. चुंग यांचे घर त्यांपैकीच एक होते.

क्युंग-ह्वाचा जन्म २६ मार्च १९४८ रोजी सोल येथे झाला. भावंडे सात. ती दोन वर्षांची असताना, जून १९५० मध्ये, कोरियाचे युद्ध पेटले आणि तीन दिवसांतच सोल शहर शत्रूच्या हाती पडले. लक्षावधी लोक घरेदारे टाकून दक्षिणेकडे निघाले. याच युद्धात भारताने लढाऊ सैन्य न पाठविता कर्नल रंगराज यांच्या हाताखाली एक वैद्यकीय पथक पाठविले होते, हे पुष्कळांना स्मरत असेल. चुंग कुटुंब दक्षिणेकडील बुसान या बंदरात जाऊन राहिले. अशा वेळी माणूस बरोबर काय नेतो? धान्य, कपडे, दागिने. या कुटुंबाने पियानोही बरोबर नेला. हा निर्णय मुलांच्या आईचा, ली वॉन-सुक यांचा होता. मुलांचे शिक्षण युद्धासाठी खोळंबता कामा नये, अशी त्यांची धारणा होती. त्या खानावळ चालवून संसाराला हातभार लावीत, आणि मुलांना एकेक वाद्य शिकवीत. म्युंग-ह्वाने पुढे चेलो घेतला, एका बहिणीने बासरी, धाकट्या म्युंग-हूनने पियानो.

क्युंग-ह्वालाही चौथ्या वर्षी पियानोवर बसविण्यात आले. पण त्यात तिचे मन रमले नाही. सहा-सात वर्षांची असताना हाती व्हायोलिन आले, आणि मग मात्र तिला थांबविण्याची पाळी आली. नवव्या वर्षी तिने सोलच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर मेंडेल्सझोनचा कन्चेर्टो वाजविला. कन्चेर्टो म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. एकीकडे साठ-सत्तर वादकांचा वाद्यवृंद आणि दुसरीकडे एकच वादक, अशी त्याची रचना असते. कधी दोघे आळीपाळीने बोलतात, कधी एकमेकांना अडवितात, कधी एकमेकांच्या आधाराने चालतात. एकट्या व्हायोलिनचा नाजूक आवाज एवढ्या वाद्यांच्या वर ऐकू जावा लागतो, आणि तरी तो ओरडल्यासारखा वाटता कामा नये. नऊ वर्षांच्या मुलीने हे करून दाखविले, तेव्हा सोलमध्ये तिच्या नावाचा बोलबाला होणे साहजिक होते.

परंतु बालवयातील बोलबाला हा फसवा असतो. मोठ्या गुरूची गरज होती आणि तसा गुरू त्या काळी कोरियात मिळण्यासारखा नव्हता. १९६१ मध्ये, तेराव्या वर्षी, क्युंग-ह्वा अमेरिकेस गेली. बासरीवादक बहीण आधीच न्यूयॉर्कच्या जुलियार्ड विद्यालयात शिकत होती. कुटुंबातील इतरही हळूहळू अमेरिकेत आले, आणि सिअ‍ॅटल शहरात आईने पुन्हा कोरियन पदार्थांचे उपाहारगृह चालविले. मुलांच्या शिक्षणाचा खर्च अशा रीतीने चुलीवरून निघत होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

जुलियार्डमध्ये तिला गुरू लाभले इव्हान गॅलामियन. हे गृहस्थ वंशाने आर्मेनियन, जन्म १९०३ मध्ये इराणातील तब्रीझ येथे, शिक्षण मॉस्को व पॅरिस येथे. विसाव्या शतकातील व्हायोलिनच्या थोर शिक्षकांत त्यांची गणना होते. आपल्या दृष्टीने विशेष गोष्ट ही की, मुंबईत सिंफनी वाद्यवृंद स्थापन करणारे मेहली मेहता, म्हणजे विख्यात वाद्यवृंदसंचालक झुबिन मेहता यांचे वडील, हेदेखील संसारी वयात न्यूयॉर्कला जाऊन याच गॅलामियन यांच्याजवळ शिकले होते. गॅलामियन यांची शिकवण्याची पद्धत काटेकोर होती. व्हायोलिनवर डावा हात स्वर ठरवितो, पण त्या स्वरात प्राण ओततो तो उजव्या हातातील गज. गज किती वेगाने ओढावा, तारेवर किती दाब द्यावा, घोडीपासून किती अंतरावर तो फिरवावा, या तीन गोष्टींच्या मेळातून नादाचे सारे रंग उत्पन्न होतात. गॅलामियन या तिन्हींचा पद्धतशीर अभ्यास रोजच्या रोज करवून घेत. कोणत्याही दोन विद्यार्थ्यांचा हात सारखा नसतो, म्हणून एकच साचा सर्वांवर लादू नये, असेही त्यांचे मत होते आणि ते त्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले आहे. आपल्या शाळांतून शिकविणाऱ्यांनाही हे मत विचार करण्याजोगे आहे.

आता त्या पारितोषिकाकडे वळू. एडगर लेव्हेन्ट्रिट या न्यूयॉर्कच्या वकिलाच्या स्मरणार्थ त्याच्या कुटुंबाने एक संगीतस्पर्धा सुरू केली होती. अमेरिकेत त्या काळी तिच्याइतका मान दुसऱ्या कोणत्याही स्पर्धेला नव्हता. त्याचे एक कारण असे की, योग्यतेचा वादक आढळला नाही तर परीक्षक पारितोषिक कोणालाच देत नसत. केवळ आलेल्यांत बरा म्हणून कोणाच्या गळ्यात माळ पडत नसे. १९५४ मध्ये पियानोवादक व्हॅन क्लायबर्न आणि १९६४ मध्ये व्हायोलिनवादक इत्झाक पर्लमन हे येथूनच पुढे आले. विजेत्याला रोख रकमेपेक्षा मोलाची अशी एक गोष्ट मिळे : मोठमोठ्या वाद्यवृंदांबरोबर वाजविण्याची निमंत्रणे.

१९६७ च्या स्पर्धेत क्युंग-ह्वा उतरली तेव्हा तिचे वय १९ होते. स्पर्धेसाठी उत्तम वाद्य हवे, म्हणून आईने राहते घर विकले आणि स्ट्राडिव्हेरियस व्हायोलिन मिळविले. स्ट्राडिव्हेरियस म्हणजे इटलीतील क्रेमोना गावच्या आंतोनिओ स्ट्राडिव्हारी या कारागिराने बनविलेले वाद्य. हा कारागीर १७३७ मध्ये निवर्तला. त्याची वाद्ये आज जगात थोडीच उरली आहेत, आणि त्यांच्या किमती सामान्य माणसाच्या कल्पनेपलीकडच्या आहेत. एका निर्वासित कुटुंबाने घर देऊन तसे वाद्य घ्यावे, हे ऐकून मन थक्क होते. पण त्याबरोबर एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. घर विकून वाद्य घेणे हा सर्वांनी गिरवावा असा धडा नव्हे. या आईने मुलीची बारा वर्षांची मेहनत डोळ्यांदेखत पाहिली होती, गुरूंचे मत तिला ठाऊक होते, आणि मुलगी हरली असती तरी खानावळ चालवून पुन्हा उभे राहण्याची तिची तयारी होती. हे सारे असते तेव्हाच अशा त्यागाला अर्थ येतो.

स्पर्धेत अखेर दोघे उरले. दुसरा होता पिंकस झुकरमन, इस्रायलमधून आलेला, त्याच वर्षी जन्मलेला, आणि तोही गॅलामियन यांचाच शिष्य. परीक्षकांना निवड करता येईना. दोघांना पुन्हा वाजवावयास लावले, तरीही निर्णय होईना. शेवटी पहिले पारितोषिक दोघांत विभागून देण्यात आले. त्या स्पर्धेच्या इतिहासात असे पूर्वी कधी झाले नव्हते. बाहेरून पाहणाऱ्याला हा मोठाच गौरव वाटेल. तथापि ज्या घराने आपले छप्पर विकून ही बाजी लावली होती, त्याला निम्मे पारितोषिक कसे वाटले असेल, याची कल्पना करता येते. शिवाय त्या काळी आशियातून आलेली एक तरुण मुलगी पाश्चात्त्य संगीताच्या रंगमंचावर एकटी उभी राहते, ही गोष्टच लोकांच्या सवयीची नव्हती. पारितोषिकाने दार किलकिले झाले होते. ते पुरते उघडणे अद्याप बाकी होते.

त्यानंतरच्या तीन वर्षांत चुंगबाईंना न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, शिकागो सिंफनी अशा नामांकित वाद्यवृंदांबरोबर वाजविण्याची संधी मिळाली. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी नेथन मिल्स्टाइन हे ज्येष्ठ वादक वाजविणार होते. ते आजारी पडल्याने त्यांच्या जागी चुंगबाईंना बोलाविण्यात आले. पुन्हा तसाच प्रसंग लंडनमध्ये आला. १३ मे १९७० रोजी रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये लंडन सिंफनी वाद्यवृंदाबरोबर पर्लमन यांचे वादन व्हावयाचे होते. ते येऊ शकले नाहीत. त्यांच्या जागी २२ वर्षांच्या चुंगबाई उभ्या राहिल्या. संचालक होते आंद्रे प्रेव्हिन आणि रचना होती चायकॉव्हस्कीचा कन्चेर्टो.

या रचनेचा इतिहासही बोधप्रद आहे. चायकॉव्हस्कीने ती १८७८ मध्ये लिहिली, तेव्हा लिओपोल्ड आउअर या विख्यात वादकाने ती वाजविण्याचे नाकारले. १८८१ मध्ये व्हिएन्ना येथे आडोल्फ ब्रॉडस्की याने ती प्रथम वाजविली, तर तेथील मोठ्या टीकाकाराने तिच्यावर कडक शब्दांत झोड उठविली. आज तीच रचना जगातील प्रत्येक व्हायोलिनवादकाची कसोटी समजली जाते. एका रात्रीच्या वादनाने चुंगबाईंचे लंडनमध्ये नाव झाले, असे सर्वत्र लिहिले जाते आणि ते खोटे नाही. पण आयत्या वेळी दुसऱ्याच्या जागी उभे राहावयाचे, तर ती रचना आधीच हाडीमाशी भिनलेली असावी लागते. ती एक रात्र आधीच्या सोळा वर्षांच्या रियाजावर उभी होती.

त्या वादनानंतर डेक्का या ध्वनिमुद्रण-संस्थेने त्यांच्याशी करार केला. प्रेव्हिन व लंडन सिंफनी यांच्याबरोबर चायकॉव्हस्की आणि सिबेलियस यांच्या कन्चेर्टोंची पहिली ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी मुद्रित झाली. सिबेलियस हा फिनलंडचा संगीतकार. त्याच्या या रचनेच्या आरंभी वाद्यवृंदाच्या मंद, थरथरत्या स्वरांवर व्हायोलिनचा एकाकी सूर उमटतो आणि मग हळूहळू रचनेला धग येते. चुंगबाईंच्या वादनात हा एकाकीपणा आणि ही धग दोन्ही आहेत. अर्धशतक उलटून गेले तरी ही ध्वनिमुद्रिका जाणत्या श्रोत्यांच्या संग्रहात मानाने आहे. पुढे रुडॉल्फ केम्पे यांच्या संचालनाखाली ब्रुख, सर जॉर्ज शोल्टी यांच्याबरोबर बार्टोक, एल्गर आणि बर्ग, प्रेव्हिन यांच्याबरोबर प्रोकोफिएफ, वॉल्टन आणि स्ट्राव्हिन्स्की अशा एकामागून एक तबकड्या निघाल्या. राडू लुपू या रुमानियन पियानोवादकाबरोबर त्यांनी वाजविलेल्या फ्रांक व डेब्युसी यांच्या सोनाटा तर अनेकांना विशेष प्रिय आहेत. ध्वनिमुद्रिकेमुळे मोठे वादन ऐकण्यासाठी लंडन-न्यूयॉर्कला जावे लागत नाही. सोलमधील वा आपल्याकडील एखादा विद्यार्थीही घरी बसून ते पुनःपुन्हा ऐकू शकतो. चुंगबाईंचे नाव दूरवर गेले ते मुख्यतः या तबकड्यांमुळे.

यश मिळाल्यावरही त्यांनी शिष्यत्व सोडले नाही, ही गोष्ट येथे नमूद केलीच पाहिजे. हंगेरीचे वयोवृद्ध वादक जोसेफ सिगेटी त्या वेळी स्वित्झर्लंडमध्ये राहत होते. त्यांच्याकडे जाऊन चुंगबाईंनी मार्गदर्शन घेतले. गॅलामियन यांनी हात घडविला होता. सिगेटी यांच्याजवळ वाङ्मय, चित्रकला आणि संगीत यांकडे एकत्र पाहण्याची दृष्टी लाभली. पहिले पारितोषिक मिळविलेल्या, जगभर नावाजलेल्या कलावंताने पुन्हा कोणापुढे विद्यार्थी होऊन बसावे, याला मनाचा मोठेपणा लागतो.

दरम्यान भावंडेही पुढे येत होती. म्युंग-ह्वाने १९७१ मध्ये जिनिव्हा येथील स्पर्धा जिंकली. म्युंग-हूनला १९७४ मध्ये मॉस्कोतील चायकॉव्हस्की स्पर्धेत पियानोवादनाचे दुसरे पारितोषिक मिळाले. पुढे तो वाद्यवृंदसंचालक झाला आणि १९८९ मध्ये पॅरिसच्या बास्तील ऑपेराचा संगीतप्रमुख झाला. व्हायोलिन, चेलो व पियानो अशा त्रिकुटात ही तिन्ही भावंडे 'चुंग त्रिकूट' या नावाने जगभर वाजवीत. १९८४ मध्ये चुंगबाईंचा विवाह झाला, दोन मुलगे झाले, आणि त्यांनी आपल्या कार्यक्रमांची संख्या बरीच कमी केली. वर्षाकाठी शंभराहून अधिक मैफली हे पाश्चात्त्य वादकाच्या यशाचे माप समजले जाते. त्या मापाने पाहणाऱ्यांना ही माघार वाटली. परंतु याच काळात क्रिस्टियन झिमरमन या पोलिश पियानोवादकाबरोबर त्यांनी रिचर्ड श्ट्राउस व रेस्पीगी यांच्या सोनाटा ध्वनिमुद्रित केल्या आणि सायमन रॅटल यांच्याबरोबर बार्टोकचा दुसरा कन्चेर्टो. या दोन्ही मुद्रिकांना इंग्लंडमधील 'ग्रामोफोन' मासिकाचे पुरस्कार मिळाले. कमी वाजविले म्हणून कस कमी झाला नाही, हेच यावरून दिसते.

यानंतर जो प्रसंग आला, त्यापुढे स्पर्धा वगैरे किरकोळ वाटाव्यात. २००५ मध्ये त्यांच्या डाव्या हाताच्या तर्जनीला इजा झाली. व्हायोलिनवादकाला या बोटाचे महत्त्व किती, हे समजण्यासाठी वाद्याची रचना ध्यानात घ्यावी लागेल. सतारीला पडदे असतात. पडद्यावर बोट ठेवले की स्वर आपोआप ठिकाणावर येतो. व्हायोलिनच्या पट्टीवर कोणतीच खूण नसते. बोट केसभर सरकले तरी स्वर ढळतो. डाव्या हाताची चार बोटे स्वर दाबतात, आणि त्यांत तर्जनी ही जणू मेढ असते. तिच्या जागेवरून इतर बोटे आपापले अंतर मोजतात. ती मेढच हलली म्हणजे सारा मांडव डळमळतो. चुंगबाईंना वादन थांबवावे लागले. त्या वेळी त्यांचे वय ५७ वर्षांचे होते. पुष्कळांनी त्यांची कारकीर्द संपली असे मानले.

पाच वर्षे त्या व्हायोलिन वाजवू शकल्या नाहीत. २००७ पासून त्यांनी जुलियार्डमध्ये, ज्या विद्यालयात स्वतः शिकल्या तेथेच, अध्यापन सुरू केले. स्वतःचा रियाज त्यांनी मनातल्या मनात चालू ठेवला. वाद्य हाती न घेता बाखच्या रचना त्या मनात वाजवीत, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. आपल्याकडे जपाचे तीन प्रकार सांगतात. त्यांत ओठ न हलविता केलेला मानसजप सर्वांत अवघड आणि सर्वांत श्रेष्ठ मानला आहे. त्यातलाच हा प्रकार म्हणावयाचा. मे २०१० मध्ये सोल येथे व्लादिमिर अश्केनाझी यांच्या संचालनाखाली फिलहार्मोनिया वाद्यवृंदाबरोबर ब्राम्सचा कन्चेर्टो वाजवून त्या ६२ व्या वर्षी पुन्हा रंगमंचावर आल्या. पुढल्याच वर्षी, २०११ मध्ये, त्यांच्या मातोश्री निवर्तल्या. लेकीचे व्हायोलिन पुन्हा बोलू लागलेले पाहूनच त्या गेल्या, हे समाधान लहान नव्हे.

लंडनला परतण्याचा योग २ डिसेंबर २०१४ रोजी आला. सभागृह तेच, रॉयल फेस्टिव्हल हॉल. त्या रात्री श्रोत्यांतील खोकल्यामुळे त्या व्यथित झाल्या आणि एका खोकणाऱ्या लहान मुलीच्या आईवडिलांना त्यांनी रंगमंचावरूनच सुचविले की, मुलगी मोठी झाल्यावर तिला घेऊन यावे. यावरून वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली. कित्येकांनी त्यांना दोष दिला, कित्येकांनी त्यांची बाजू घेतली. त्यांनी स्वतःही वर्तमानपत्रातून आपले म्हणणे मांडले. दीर्घ विरामानंतर आलेल्या कलावंताच्या मनावर किती ताण असतो, हे त्यावरून समजते. आणि नऊ वर्षांची असताना स्वतः मोठ्यांच्या सभेत उभी राहिलेली मुलगी आठवली म्हणजे ते बोलणे त्या लहानगीला टोचले असेल, हेही जाणवते. मोठ्या कलावंतांच्या चरित्रातून अशी प्रकरणे वगळू नयेत. त्यांनी माणूस माणसासारखा दिसतो.

आता शेवटचा आणि सर्वांत मोठा टप्पा. योहान सेबास्टियन बाख याने एकट्या व्हायोलिनसाठी सहा रचना लिहिल्या : तीन सोनाटा आणि तीन पार्टिटा. त्यांच्या हस्तलिखितावर १७२० हे साल आहे. येथे वाद्यवृंद नाही, पियानोची साथ नाही. चार तारा, एक गज आणि एक माणूस. व्हायोलिनची घोडी कमानदार असल्यामुळे गज एका वेळी एक किंवा दोन तारांवर टेकतो. तरीही बाखने स्वरांची योजना अशी केली आहे की, दोन, तीन, कधी चार आवाज एकाच वेळी चालल्याचा भास व्हावा. एक सूर क्षणभर सोडून वादक दुसऱ्याकडे जातो आणि सुटलेला सूर श्रोत्याच्या कानात रेंगाळत राहतो. दुसऱ्या पार्टिटाच्या अखेरीस 'शाकोन' नावाचा भाग आहे. त्यात थोड्याच स्वरांचा एक आधार पुनःपुन्हा येतो आणि त्यावर नवनवी रूपे उभारली जातात. ठेक्याच्या आवर्तनावर गवई जशी एकामागून एक उपज करतो, त्याच्याशी याचे काहीसे नाते आहे, एवढेच की येथे सारे आधीच लिहून ठेवलेले असते. हा एकच भाग सुमारे पाव तास चालतो.

चुंगबाईंनी तरुणपणी, १९७० नंतरच्या दशकात, यांपैकी दोनच रचना ध्वनिमुद्रित केल्या होत्या. बाकीच्यांचे ध्वनिमुद्रण त्यांनी चाळीस वर्षे केले नाही. बोटाच्या दुखापतीनंतर, २०१६ मध्ये, त्यांनी सहाही रचनांचे मुद्रण पूर्ण केले, आणि मे २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एकाच दिवशी सहाही रचना वाजविल्या. दोन तासांहून अधिक संगीत आणि रंगमंचावर दुसरे कोणी नाही. वय ६९. लेव्हेन्ट्रिट पारितोषिकाला त्या वर्षी बरोबर ५० वर्षे झाली होती. विशीतील सफाई आणि वेग यांची अपेक्षा त्या वयात कोणी करू नये. हरवलेला आवाज पुन्हा मिळविलेल्या माणसाचे ते वादन होते, आणि त्याच नजरेने ते ऐकले पाहिजे.

या पन्नास वर्षांत कोरियाही पालटला. ज्या देशातून तेरा वर्षांच्या मुलीला गुरूच्या शोधात महासागर ओलांडावा लागला, त्या देशात आज उत्तम संगीतविद्यालये आहेत. २०१५ मध्ये ब्रुसेल्सच्या राणी एलिझाबेथ स्पर्धेत इम जी-योंग हिने व्हायोलिनचे पहिले पारितोषिक मिळविले. त्याच वर्षी जेनोवा येथील पागानिनी स्पर्धा यांग इन-मो याने जिंकली, आणि २०२२ मध्ये हेल्सिंकीची सिबेलियस स्पर्धाही त्यानेच जिंकली. आशियातील मुलगा वा मुलगी युरोपच्या रंगमंचावर एकटी उभी राहिली, याचे आता कोणाला नवल वाटत नाही. तसे नवल वाटू नये, यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत चुंगबाईंचे नाव अग्रभागी आहे.

१९६७ चे ते निम्मे पारितोषिक आता इतिहासजमा झाले. त्या स्पर्धेचे नावही नव्या पिढीतील फार थोड्यांना ठाऊक असेल. बुसानला नेलेला पियानो, विकलेले घर, सिगेटींच्या दारी पुन्हा पत्करलेले शिष्यत्व, पाच वर्षांचा मुका रियाज आणि अखेर एका दिवसात वाजविलेला संपूर्ण बाख, एवढे सारे मिळून या बाईंची कारकीर्द बनली आहे. एखाद्या घरात व्हायोलिन वा तंबोरा घेऊन बसलेल्या मुलाला स्पर्धेत बक्षीस मिळाले तर त्याचे कौतुक अवश्य करावे. मात्र पेढे वाटून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूल पुन्हा रियाजाला बसले की नाही, याचीही चौकशी कोणीतरी केली पाहिजे.